विसावलेल्या बॅटरीची निगा

कॅनडासारख्या शीत देशांत काही कुटुंबे मोटारघरातून, म्हणजे चाकांवरील घरातून, प्रवास करतात. हिवाळ्यात ते कित्येक महिने उभे असते. वापर नाही म्हणजे बॅटरी सुरक्षित, असे आपणांस वाटते. परंतु ते खरे नव्हे.

१८५९ साली गास्तों प्लांते यांनी शोधलेल्या शिसे-आम्ल बॅटरीत शिशाच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडविलेल्या असतात. ती नुसती ठेवली तरी हळूहळू उतरते. आम्लातील सल्फेट पट्ट्यांवर बसते व द्रवात पाण्याचा अंश वाढतो. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतील द्रव उणे ५० अंश सेल्सिअसलाही गोठत नाही; पार उतरलेल्या बॅटरीतील मात्र उणे १० अंशांच्या आसपासच गोठतो, फुगतो आणि पेटी तडकते.

म्हणून बॅटरी आधी पूर्ण चार्ज करावी, ऋण टोकाची तार प्रथम सोडवावी व दरमहा दाब मोजावा. बारा व्होल्टच्या बॅटरीचा दाब १२.४ व्होल्टखाली गेल्यास ती पुन्हा चार्ज करावी. गोठलेली बॅटरी मात्र कदापि चार्ज करू नये. ती फुटण्याचा धोका असतो.

आमच्या गोव्यात हिम नाही. तथापि सुटीत उभ्या ठेवलेल्या स्कूटरच्या बॅटरीवरही सल्फेट साचून कठीण होते व ती निकामी होते. विश्रांती द्यावी, पण विस्मरण होऊ देऊ नये, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.