बुरशीला बीज धरण्याची वेळ कोण सांगतें?

पावसाळ्यांत शिळ्या पावावर प्रथम कापसासारखा पांढरा थर येतो, आणि दोनतीन दिवसांत तोच हिरवा अगर काळा पडतो. ही गोष्ट श्रोत्यांच्या परिचयाची आहे. हा रंग बहुधा बुरशीच्या तंतूंचा नसून तिच्या बीजुकांचा असतो. लैंगिक संयोगावांचून निपजणारीं हीं बीजुकें हवेवर तरंगत दूर जातात. परंतु पांढऱ्या तंतूंना "आतां वाढ पुरे, बीज धरा" असें सांगतें कोण?

या प्रश्नाचा सर्वांत कसून अभ्यास झाला तो ॲस्परजिलस निड्युलन्स या हिरव्या बुरशीवर. ॲस्परजिलस हें नांव इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेली यानें १७२९ मध्यें दिलें. बीजुकें धरणारा दांडा त्याला ख्रिस्ती मंदिरांतील तीर्थ शिंपडण्याच्या साधनासारखा दिसला. इकडे त्याला गुलाबदाणीची उपमा शोभेल. तंतूंतील एका पायपेशींतून दांडा सरळ वर निघतो. त्याचें टोंक फुगून गोळा होतो, गोळ्यावर लहान पेशींचे दोन थर उगवतात, आणि वरच्या थरांतील प्रत्येक पेशी एकामागून एक बीजुकें घडवून त्यांची माळ करीत राहते. नवें बीजुक माळेच्या तळाशीं येतें, म्हणून टोंकाचें बीजुक सर्वांत जुनें. एका दांड्यावर १०,००० हून अधिक बीजुकें असूं शकतात.

एवढा खटाटोप बुरशी वाटेल तेव्हां करीत नाहीं. अंकुरल्यापासून सुमारें १८ ते २० तास ती केवळ तंतु वाढविते. त्यानंतरही द्रवांत बुडालेली असेल तर सहसा तंतुच वाढवीत राहते. हवेशीं गांठ पडतांच मात्र कामास लागते. पाण्याखालीं धरलेलें बीज वारा नेणार तरी कसा? उजेडांत तिचा ओढा अलैंगिक बीजुकांकडे असतो, अंधारांत लैंगिक फळांकडे. प्रयोगशाळांतून रूढ झालेल्या वाणांत हा गुण एका बिघाडामुळें मंदावला होता, म्हणून प्रकाशाचें महत्त्व १९९० मध्यें, म्हणजे बरेंच उशिरा, स्पष्ट झालें.

१९६९ मध्यें ग्लासगो येथील जॉन क्लटरबक यांनीं बीजुकांच्या घडणींत बिघाड झालेल्या वाणांचें विवेचन प्रसिद्ध केलें. त्या वाणांचीं नांवें मोठीं गमतीचीं आहेत. एकांत दांडा फुगण्याचें विसरून ब्रशाच्या राठ केसासारखा वाढतच जातो, तो "ब्रिसल". दुसऱ्यांत बीजुकांऐवजीं मणिपाटीवरील मण्यांसारख्या गांठी येतात, तो "ॲबॅकस". तिसऱ्यांत बीजुकें होतात, पण पक्व न होतां विरघळून ओलीं होतात, तो "वेट". मोडक्या घड्याळांवरून धडधाकट घड्याळ समजून घेण्याचीच ही रीति. ब्रिसलचें जनुक ॲबॅकसला जागें करतें आणि ॲबॅकस वेटला, हा क्रम पुढें सिद्ध झाला.

१९८८ मध्यें अमेरिकेंत टिंबरलेक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ब्रिसलचें जनुक हुकमावर चालेल अशी योजना केली. बुडालेल्या तंतूंत तें चालू करतांच वाढ थांबली, आणि दांडा, गोळा यांचा पसारा न मांडतां तंतूंच्या टोंकांशींच बीजुकें धरलीं. कळ सांपडली होती!

पण कळ दाबतें कोण? "फ्लफी" नांवाच्या वाणांत तंतूंचा नुसता कापूस होतो. त्यांपैकीं एक वाण निरोगी बुरशीशेजारीं वाढविला तर शेजारच्या कडेस त्यालाही बीजुकें धरतात, असें १९९४ मध्यें दिसून आलें. अर्थात् निरोगी बुरशी एखादें द्रव्य बाहेर सोडीत असली पाहिजे, आणि त्यावरूनच तिला आपली पुरेशी वाढ झाल्याचें कळत असावें. याखेरीज वाढीचा संदेशही थांबवावा लागतो. तो थांबविणारें प्रथिन ज्या वाणांत नाहीं, तो बेसुमार वाढतो आणि शेवटीं स्वतःच विरघळून जातो.

ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीचीं बीजुकें श्वासावाटे आंत जाऊन दुबळ्या रोग्यांस प्राणघातक ठरतात. तिच्यांतही ब्रिसलचें जनुक आहे, आणि तें काढून टाकल्यास बीजुकें मुळींच धरत नाहींत. फुप्फुसाच्या मांसांत शिरलेली ही बुरशी बहुधा तंतुरूपानेंच पसरते. परंतु जुन्या क्षयानें पडलेल्या हवेच्या पोकळींत ती कधींकधीं आपले दांडे उभारते.