कारवारला जाऊ या, आपले आपण

शेतकऱ्याच्या घरात प्रवास म्हटला की बहुधा वणी, त्र्यंबक, पंढरपूर, नाहीतर एखादे लग्नकार्य. समुद्र पाहायचाच झाला तर मुंबईची चौपाटी. पण नाशिक रोडला गाडीत बसून, मध्ये कोठेही गाडी न बदलता, थेट कारवारला उतरता येते हे आपल्याकडे पुष्कळांना माहीत नसते. निजामुद्दीनहून एर्नाकुलमला जाणारी मंगला एक्सप्रेस मनमाड, नाशिक रोड, कल्याण, पनवेल करीत कोकण रेल्वेला लागते आणि गोवा ओलांडून कारवारला थांबते.

ज्यांना हे माहीत असते त्यांच्या मनात दुसरीच शंका येते. तो तर सीमावादाचा मुलूख! बायकापोरांना घेऊन, ओळखपाळख नसताना, तेथे जावे का? शंका रास्त आहे. म्हणून आधी वाद काय तो समजून घेऊ.

वाद कशाचा?

कारवार ज्या जिल्ह्यात येते तो उत्तर कानडा जिल्हा 1862 पासून मुंबई इलाख्यात होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगावबरोबर कारवारही म्हैसूर राज्यात गेले. त्या राज्याचे नाव 1973 साली कर्नाटक झाले. बेळगाव, निपाणी व कारवार ही शहरे आणि 814 गावे आपल्याला मिळावीत, अशी महाराष्ट्राची मागणी आहे. सेनापती बापटांनी 1966 साली उपोषण केले, त्यानंतर महाजन आयोग नेमला गेला. आयोगाने 1967 साली अहवाल दिला, तो महाराष्ट्राने मान्य केला नाही. 2004 साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला.

शेजारच्या गोव्याची गोष्ट वेगळी. 16 जानेवारी 1967 रोजी तेथील लोकांचा कौल घेतला गेला आणि त्यांनी महाराष्ट्रात विलीन न होण्याचे ठरविले. कारवारकरांना असा कौल कोणी मागितला नाही. तेथे घरात कोकणी, कचेरीत कानडी, आणि जुन्या माणसांना मराठी चांगली समजते. कोणाला महाराष्ट्र जवळचा वाटेल, कोणाला गोवा, तर कोणी आहे तेथे सुखी असेल.

केव्हा आणि कसे जावे

पावसाळा टाळावा. समुद्र खवळलेला असतो, कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते आणि जून-जुलैत मासेमारी बंद असते. उन्हाळ कांद्याची लागवड आटोपली की जानेवारी अखेर ते फेब्रुवारी हे दिवस कांदेवाल्यांना सोयीचे. द्राक्षवाल्यांनी आपल्या बागेची सवड पाहावी.

रस्त्याने कोल्हापूर-बेळगाववरून जाता येते, पण वाद पेटला की त्याची झळ आधी या रस्त्याला लागते. डिसेंबर 2022 मध्ये बेळगावजवळ महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली. फेब्रुवारी 2025 मध्ये बसच्या कर्मचाऱ्यांना मारहाण झाल्यावर दोन्ही राज्यांतील एस.टी. वाहतूक काही काळ बंद पडली. 1 नोव्हेंबरला तिकडे राज्योत्सव आणि बेळगावच्या मराठी भागात काळा दिवस असतो, तेव्हा तो दिवस टाळलेला बरा. मुलाबाळांसह जाणाऱ्यांना आगगाडीच सोयीची. कारवारचे स्टेशन गावाबाहेर शिरवाडला आहे, तेथून रिक्षा करावी. गोव्यातून रस्त्याने जाणार असाल तर माजाळीच्या नाक्यावर तपासणी होते. गोव्यातली बाटली पिशवीत असली तर अडचण ओढवते.

काय पाहावे

काळी नदी समुद्राला मिळते तेथे पलीकडच्या काठावर सदाशिवगड आहे. तो सोंद्याच्या राजाने अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला. शिवाजी महाराज 1665 साली बसरूरच्या स्वारीनंतर गोकर्ण करून या भागात आले होते. काळीवरच्या दोन पुलांपैकी जुना पूल ऑगस्ट 2024 मध्ये कोसळला. गावाच्या किनाऱ्याला रवींद्रनाथ टागोरांचे नाव आहे. त्यांचे थोरले बंधू येथे न्यायाधीश होते, त्यांच्याकडे ते तरुणपणी राहिले होते. त्याच किनाऱ्यावर नौदलाची 'चपल' ही जुनी युद्धनौका ठेवली आहे, मुलांना ती फार आवडते. जेवायला मासळीची ताटे आहेत आणि माळकरी मंडळींचीही उपासमार होत नाही.

शेतकऱ्याच्या डोळ्यांनी

आपण मात्र समुद्रावरच थांबू नये. कुमठ्याजवळ अघनाशिनीच्या खाडीकाठी 'गजनी' नावाची खारी शेते आहेत. बांध घालून खारे पाणी आवरायचे आणि पावसाळ्यात 'कग्गा' हे खारे पाणी सोसणारे भात घ्यायचे, ही तेथली जुनी रीत. कालव्याखालची जमीन चिबड, खारवट होताना आपण पाहतो, म्हणून हे पीक डोळ्यांखालून घालावे. मे महिन्यात गेलात तर अंकोल्याचा करी ईशाड आंबा चाखावा. त्याला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळाले. याच अंकोला तालुक्यातील शेतकऱ्यांनी स्वातंत्र्याच्या लढ्यात शेतसारा नाकारला होता, म्हणून त्याला कर्नाटकाची बार्डोली म्हणतात.

आणखी एक गोष्ट. महाराष्ट्राच्या मागणीत सुपे तालुकाही आहे. पण सुपे गाव काळी नदीवरच्या धरणात कधीच बुडाले. माणसे रामनगरला वसविली गेली आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला गेले. कारवार-अंकोल्याच्या किनाऱ्यावर 'सीबर्ड' नौदल तळासाठी हजारो कुटुंबांची शेते आणि घरे गेली. तळ 2005 साली सुरू झाला, मोबदल्यासाठी लोक मात्र वर्षानुवर्षे झगडत राहिले. गाव कोणत्या राज्याचे, यावर दोन सरकारे भांडत होती, त्याच काळात तेथील शेतकऱ्याच्या पायाखालची जमीन सरकत होती. धरणात गाव गेलेल्या माणसाला हे दुःख निराळे सांगायला नको.

पाहुण्याने एवढे पाळावे

नौदलाच्या हद्दीत फोटो काढू नयेत. आधारकार्ड जवळ ठेवावे. पाट्या कानडीत असतात, म्हणून उतरण्याचे ठिकाण कागदावर लिहून घ्यावे. किंमत विचारताना कानडीत 'एष्टु?' आणि कोकणीत 'कितले?' म्हटले की समोरचा हसून उत्तर देतो. आभार मानताना 'देव बरें करूं' म्हणावे.

आणि रिक्षावाल्याला, खानावळवाल्याला 'तुम्ही महाराष्ट्रात येणार की नाही?' असे आपण होऊन विचारू नये. आपण चार दिवसांनी परत येतो, त्याला तेथेच शेजाऱ्यांत राहायचे असते. त्याने विषय काढला तर शांतपणे ऐकून घ्यावे. त्यापेक्षा भात किती उतरले, जाळ्याला काय लागले, जमिनीचे पैसे मिळाले का, हे विचारावे. शेतकरी शेतकऱ्याशी या बोलीत कोठेही बोलू शकतो. न्यायालयाचा निकाल केव्हा लागायचा तेव्हा लागो, तोवर या माणसांची ओळख करून घ्यायला कोणाची आडकाठी आहे?