विकायच्या घराचं स्वयंपाकघर

मेसच्या पोळीवर आणि मेसच्या आमटीवर आजवर भरपूर लिहून झालं आहे. पण ज्या खोलीत पोळी होते त्या खोलीवर कोणी लिहीत नाही. आम्हा सिव्हिलवाल्यांच्या ड्रॉइंग शीटवर किचन म्हणजे एक चौकोन, त्यात एल आकाराची दुहेरी रेघ आणि सिंकचा छोटा डबा. सबमिशनपुरतं तेवढं पुरतं. घर विकायला काढलं की मात्र हाच चौकोन सगळ्यात जास्त भाव खातो. येणारा माणूस हॉल एका नजरेत बघतो, बेडरूममध्ये डोकावतो आणि स्वयंपाकघरात दहा मिनिटं उभा राहतो.

हे मी अनुभवाने सांगतोय. आमचा नाशिकचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि आजीचे दोन्ही गुडघे गेलेले. ती महिना महिना खाली उतरत नसे. जुना फ्लॅट विकून लिफ्टवाला घ्यायचा असं ठरलं. नव्या घराच्या किमतीत जे कमी पडत होतं ते जुन्या घरातूनच निघायला हवं होतं. "तू सिव्हिलला आहेस ना, मग किचनचं तू बघ," असं बाबा म्हणाले आणि दिवाळीच्या सुट्टीत माझी खरी ओरल सुरू झाली. तेव्हा जे शिकलो, वाचलं आणि मिस्त्रीकडून ऐकलं, ते इथे मांडतो. आज ना उद्या प्रत्येकाच्या घरी हा प्रश्न येणार आहेच.

खर्च वसूल होतो का?

पहिला प्रश्न हाच. आपल्याकडे फ्लॅटची किंमत ठरते ती एरिया, कार्पेट किती, मजला कितवा, पार्किंग आहे का यावर. किचनवर तीन लाख घातले म्हणून ब्रोकर दर तीन लाखांनी वाढवत नाही. मग किचन करून मिळतं काय? दोन गोष्टी. एक म्हणजे घासाघीस कमी होते. फुटका ओटा आणि गळका नळ दिसला की घेणारा मनातल्या मनात लाखभर वजा करतो, कारण न दिसणारी पाइपलाइनही अशीच असणार असं तो धरून चालतो. दुसरं म्हणजे वेळ वाचतो. नव्या घराचा हप्ता सुरू झाला आणि जुनं विकलं गेलं नाही, तर दर महिन्याला हप्ता आणि दोन्हीकडचा मेंटेनन्स बसतो.

अमेरिकेत 'कॉस्ट व्हर्सेस व्हॅल्यू' नावाचा एक वार्षिक अहवाल निघतो. तिथे सहसा असं दिसतं, की छोट्या किचन-दुरुस्तीचा खर्च विक्रीत बऱ्याच अंशी वसूल होतो आणि महागड्या, आमूलाग्र बदलाचा त्या मानाने बराच कमी. त्यांचे आकडे आपल्याला लागू नाहीत, पण कारण इथेही तेच आहे. महागडी आवड ही आपली असते, घेणाऱ्याची नाही. आपल्याला चकचकीत लाल शटर आवडलं आणि समोरच्या काकूंना नाही आवडलं, तर ते शटर काढायचा खर्च त्या आपल्याच किमतीतून वजा करणार.

एक अपवाद लक्षात ठेवा. सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार असेल तर ओट्यावर एक रुपयाही घालू नका. घेणारा पुढे मिळणाऱ्या नव्या फ्लॅटचे पैसे मोजतो, पाडल्या जाणाऱ्या ओट्याचे नाही.

किचनच्या तऱ्हा

बाजारात नावं पुष्कळ आहेत, पण आपल्यासमोर मुख्य पर्याय चार. पहिला, साधा ओटा, खाली मांडणी आणि पडदा. दुसरा, ग्रॅनाइटचा ओटा आणि खाली स्टीलच्या ट्रॉल्या, ज्याला सेमी मॉड्युलर म्हणतात. तिसरा, पूर्ण मॉड्युलर, वर-खाली कपाटं, चिमणी वगैरे. चौथा, ओपन किचन, म्हणजे हॉल आणि किचनमधली भिंतच काढायची.

आकाराच्या बाबतीत थोडा इतिहास सांगतो, कारण प्रॉडक्शनच्या मित्रांना तो जवळचा वाटेल. टाइम अँड मोशन स्टडीत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ ही नावं आपण पाठ करतो. त्यातल्या लिलियनबाईंनी १९२९ साली ब्रुकलिनच्या गॅस कंपनीसाठी किचनचा आराखडा केला, तो बाईची पावलं मोजून. त्याआधी १९२६ मध्ये मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या आर्किटेक्ट बाईंनी जर्मनीत फ्रँकफर्ट किचन आखलं होतं, साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटरचं. आजच्या मॉड्युलर किचनची ती आजी म्हणायला हरकत नाही. पुढे १९४० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात 'वर्क ट्रँगल'ची कल्पना रूढ झाली. शेगडी, सिंक आणि फ्रिज हे त्रिकोणाचे तीन बिंदू. प्रत्येक बाजू ४ ते ९ फूट आणि तिन्हींची बेरीज १३ ते २६ फुटांच्या दरम्यान असावी असा नियम.

आमचं किचन ८ बाय ९ फुटांचं. एल आकाराचा ओटा होता, सिंक खिडकीखाली आणि शेगडी दुसऱ्या बाजूला, म्हणजे दोन बिंदू जागेवर होते. तिसरा बिंदू हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी! कारण एवढंच, की किचनमध्ये फ्रिजसाठी प्लगच नव्हता. इलेक्ट्रिशियनने एक नवी लाइन ओढली आणि फ्रिज आत आला. हॉल मोठा दिसायला लागला तो फुकटात. तात्पर्य, आकार बदलण्याआधी वस्तूंच्या जागा बदलून बघा.

ओट्याची उंची साधारण ३२ ते ३४ इंच असते. विकायच्या घरात ती तशीच ठेवावी. आपल्या आईच्या उंचीला बेतलेला ओटा दुसऱ्याच्या आईला पुरेल असं नाही.

दगड, पोलाद आणि प्लाय

आमचा जुना ओटा कडप्प्याचा होता, जागोजाग पांढुरके डाग पडलेला. आईने पंचवीस वर्षं तो घासला तरी डाग जाईनात. जाणार कसे? कडप्पा हा चुनखडीचा दगड. लिंबू, चिंच, कोकम, ताक, सगळं ॲसिडिक. बारावीची केमिस्ट्री ओट्यावर रोज चालू होती. संगमरवराचंही तेच. ग्रॅनाइटला हा त्रास जवळजवळ नाही. क्वार्ट्झ दिसायला सुरेख, पण त्यात दगडाचा चुरा रेझिनने बांधलेला असतो, त्यामुळे गॅसवरची तापलेली कढई थेट ठेवली तर डाग पडू शकतो. विकायच्या घराला काळा ग्रॅनाइट सगळ्यात बरा. तो कोणाला फार आवडत नाही, पण नावडतही नाही.

ट्रॉलीवाला दुकानात लोहचुंबक लावून दाखवतो. "बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४ ग्रेड." हा युक्तिवाद मटेरियल सायन्सच्या सरांसमोर करू नका. ३०४ आणि स्वस्त २०२ ही दोन्ही ऑस्टेनिटिक स्टील, दोन्हींना चुंबक चिकटत नाही. फरक निकेलचा. ३०४ मध्ये साधारण ८ टक्के निकेल असतं, २०२ मध्ये ते कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. त्यामुळे मिठाच्या आणि ओल्या भांड्यांच्या सहवासात २०२ लवकर गंजतं. खात्री करायची तर थेंब टाकून करायची केमिकल टेस्ट मागा आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या.

प्लायचंही असंच. आय.एस. ३०३ हा सर्वसाधारण प्लायचा नंबर आणि आय.एस. ७१० हा पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा. सिंकखाली ३०३ चा ओलसर-प्रतिरोधक प्लाय लावला तर दोन पावसाळ्यांत तो पुऱ्यांसारखा फुगतो.

आणि एक गोष्ट सुरक्षेची. आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत सिलिंडर ओट्याखाली असतो. एल.पी.जी. हवेपेक्षा जड. गळती झाली तर गॅस वर न जाता फरशीवर साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला पूर्ण बंद शटर नको, खाली जमिनीलगत जाळी हवीच. आम्हाला दाखवलेल्या मॉड्युलरच्या चित्रात जाळी कुठेच नव्हती, कारण तिने म्हणे लुक जातो!

भिंत पाडण्याआधी

ओपन किचनची हौस मलाच होती. हॉलमधली भिंत काढली की फ्लॅट मोठा दिसतो हे खरं. पण आधी सोसायटीकडून मंजूर नकाशा मागून घेतला. आर.सी.सी. फ्रेमच्या इमारतीत साडेचार इंची भिंत बहुधा नुसतं पार्टिशन असते. लोड बेअरिंगच्या जुन्या इमारतीत नऊ इंची भिंतीवर स्लॅबचा भार असतो, तिला हात लावायचा नाही. आमची भिंत साडेचार इंचीच निघाली. पण वर बघितलं तर आर.सी.सी. माळ्याचं एक टोक तिच्यातच रुतलेलं! भिंत काढली असती तर माळा आणि माळ्यावरची पितळी घंगाळं खाली आली असती. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय आणि सोसायटीची लेखी परवानगी घेतल्याशिवाय हे काम करू नये.

शिवाय आई म्हणाली, "सुक्या बोंबलाचा वास हॉलमध्ये बसलेल्या पाहुण्यांना कशाला?" भिंत राहिली.

सिंकही इकडून तिकडे नेऊ नये. खालच्या फ्लॅटच्या बेडरूमवर आपलं सांडपाणी आणलं, तर भांडण आपण घर सोडून गेल्यावरही घेणाऱ्याच्या वाट्याला येतं. वास्तूचा विषयही निघतोच. शेगडी पूर्वेकडे तोंड करून बसत असेल तर ठेवावी, खर्च नाही. पण त्यासाठी पाइप फोडू नयेत.

ओल

आता सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या सिंकमागच्या भिंतीला ओल होती, वरच्या फ्लॅटच्या नहाणीतून आलेली. कोटेशन द्यायला आलेला एक ठेकेदार सहज म्हणाला, "त्यावर पॅनेल मारून टाकू. सहा महिने काही दिसत नाही. तोवर तुमचं काम झालेलं असेल."

खरं सांगतो, क्षणभर मला ते पटलं. पैशाची गरज होती, आजीचे गुडघे डोळ्यांसमोर होते. बाबा एवढंच म्हणाले, "या भिंतीला कोणाचं तरी फडताळ लागणार आहे." ठेकेदाराला चहा पाजून परत पाठवलं.

मग मी कायदाही बघितला. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ सांगतं, की विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न कळणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. पॅनेलमागे झाकलेली ओल याहून वेगळी काय? सेक्रेटरींना मध्ये घेऊन वरच्या काकांशी बोललो. त्यांच्याकडचा नहाणी ट्रॅप बदलला, वॉटरप्रूफिंग झालं, खर्च निम्मा निम्मा. भिंत सुकायला तीन आठवडे गेले, मगच टाइल लावली. ओल्या भिंतीवर घाईने काम केलं की ते पुन्हा करावं लागतंच.

हिशेब

पूर्ण मॉड्युलरचं कोटेशन होतं ३,४०,००० रुपये. आम्ही केलं ते असं: ग्रॅनाइट आणि सिंक १८,०००, ओट्यावरच्या टाइल्स १४,०००, नळ आणि प्लंबिंग ९,०००, इलेक्ट्रिक ८,०००, ट्रॉल्या आणि शटर ५२,०००, रंग ६,०००. एकूण १,०७,०००. वाचलेले २,३३,००० नव्या घराच्या रकमेत गेले. रंग फिकट क्रीम, शटर मॅट लॅमिनेटची, चिमणी नाही. चिमणीऐवजी चांगला एक्झॉस्ट आणि ६ इंची डक्टसाठी भोक तेवढं तयार ठेवलं. ज्याला हवी तो बसवेल.

सगळी बिलं फाइलला लावा. सुधारणेचा खर्च भांडवली नफ्याचा हिशेब करताना धरता येतो. कुठला खर्च सुधारणा आणि कुठला नुसती दुरुस्ती, हे सी.ए. सांगेल, पण बिलच नसेल तर त्याला विचारायलाही काही उरत नाही.

कामाचा क्रम मात्र चुकवू नका. आधी गळती आणि ओल, मग पाइप आणि वायरिंग, मग ओटा आणि टाइल, मग रंग आणि शेवटी ट्रॉल्या. आपल्याकडे बहुतेक वेळा ट्रॉल्यांपासून सुरुवात होते, कारण त्याच दिसतात.

घर बघायला पाच कुटुंबं आली. सहावं जोडपं आलं तेव्हा त्यातल्या ताईंनी नळ पूर्ण सोडून बघितला, सिंकखाली वाकून टॉर्च मारला, भिंतीला हात लावला. आईने त्यांना ओलीची सगळी कथा न विचारता सांगितली, वरच्या काकांसकट. त्या म्हणाल्या, "पुढेमागे आम्ही आमच्या पद्धतीने करूच. पण सामान आणलं की त्याच दिवशी कुकर लावता येईल, हे बरं आहे." किमतीत घासाघीस झाली, पण किचनच्या नावाने एक रुपयाही कमी झाला नाही.

माझ्या मते विकायच्या घराच्या किचनची उत्तम स्टाइल हीच: पहिल्या दिवशी कुकर लावता यावा आणि पुढचं ज्याचं त्याने ठरवावं. नव्या घराच्या किचनबद्दल विचाराल, तर तिथे आईने सिव्हिलच्या विद्यार्थ्याचा सल्ला घेतलेला नाही. आजी मात्र आता रोज संध्याकाळी लिफ्टने खाली जाते आणि वॉचमनला त्याच्या डब्यात काय आहे ते विचारते.