गाण्यात टक्-टक् येतंय? लॅपटॉप बदलण्याआधी ही चाचणी करा



लग्नाचं गाणं, जयंतीचं गाणं, रिक्षावर फिरणारी दुकानाची जाहिरात; ही कामं आता नांदूरघाटसारख्या गावातही घरातल्या एका खोलीत होतात. लॅपटॉप, एफएल स्टुडिओ किंवा रीपरसारखं सॉफ्टवेअर आणि त्यातले सिंथ, एवढ्यावर सुरुवात होते. पण गाणं भरत आलं की मध्येच टक्, फट् ऐकू यायला लागतं. मग कुणीतरी सांगतं, "लॅपटॉप बदल." थांबा! भांडवल असं घालवायचं नसतं. आधी दोष कुठं आहे ते शोधा.

पाच मिनिटांची चाचणी

गाणं वेव फाइलमध्ये एक्सपोर्ट करा आणि मोबाईलवर हेडफोन लावून ऐका. साध्या एक्सपोर्टला कॉम्प्युटरला घाई नसते, हवा तेवढा वेळ घेऊन तो हिशोब करतो. म्हणून फाइल साफ असेल, तर गाणं ठीक आहे. वाजवताना लॅपटॉप मागे पडतोय. पण फाइलमध्येही त्याच जागी टक् येत असेल, तर दोष आवाजातच आहे. नवा लॅपटॉप घेतला तरी तो तसाच राहणार.

लॅपटॉप मागे पडत असेल तर

एका सेकंदाच्या आवाजाचे साधारण 44,100 तुकडे असतात. कॉम्प्युटर ते खेपेखेपेने पुरवतो. खेपेला म्हणतात बफर. बफर 128 असेल, तर एका खेपेला जेमतेम 3 मिलिसेकंद मिळतात. 1024 ला 23 मिळतात. खेप चुकली की टक्!

- कीबोर्ड वाजवून रेकॉर्ड करताना 128 किंवा 256 ठेवा, नाहीतर बोट आधी आणि आवाज नंतर. मिक्सिंगला 1024 करा.
- ऑडिओ इंटरफेस असेल, तर त्याच्याच कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर टाका.
- जड सिंथचा ट्रॅक फ्रीझ करा किंवा त्याचा ऑडिओ करून घ्या.
- काम करताना वायफाय, ब्लूटूथ बंद ठेवा.
- लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि बऱ्याचदा वेग कमी करतो. पॉवर सेटिंग तपासा. मे महिन्यात लॅपटॉप तापला तरी हेच होतं, त्याला खालून हवा मिळू द्या.

दोष आवाजातच असेल तर

मास्टरचं मीटर शून्याच्या वर लाल होतंय का बघा. होत असेल तर आवाज उतरवा. सुराच्या सुरुवातीलाच टक् येत असेल, तर सिंथचा अटॅक शून्यावरून 3-5 मिलिसेकंद करा. शेवटी येत असेल, तर रिलीज थोडा वाढवा. क्लिप कापलेल्या जागी छोटा फेड द्या.

खर्च कधी करायचा?

हे सगळं करूनही लॅपटॉप मागे पडत असेल, तरच. तेव्हाही "रॅम वाढवा" ऐकून लगेच पैसे देऊ नका. सिंथचा भार मुख्यतः प्रोसेसरवर पडतो. रॅमचा उपयोग जास्त करून रेकॉर्ड केलेल्या वाद्यांच्या मोठ्या लायब्ररीला होतो.

आणि एक नियम कायमचा करा: फाइल ग्राहकाला देण्याआधी सुरुवातीपासून शेवटपर्यंत हेडफोनवर ऐकायची. मोबाईलच्या स्पीकरवर न कळलेला टक् वरातीच्या डीजेवर अख्ख्या गावाला ऐकू जातो. पुढचं काम मिळणार की नाही, ते तिथंच ठरतं.