वूफर ठेवायचा कुठं?

नव्या होम थिएटरमधल्या सबवूफरची जागा बहुतेक घरांत प्लगपॉइंट ठरवतो. टीव्ही युनिटशेजारी हातभर कोपरा मोकळा असतो, पॉइंटही तिथंच असतो. खोका तिथं सरकवला की काम झालं. पहिल्या रात्री एखादा युद्धपट लागतो, शोकेसच्या काचा थरथरतात आणि घरातले खूश होतात. काही दिवसांनी लक्षात येतं की तोफ डागली काय आणि दार आपटलं काय, ऐकू येतो तो एकच लांबलेला 'घुम्म'. यंत्र क्वचितच बिघडलेलं असतं. तो घुमारा खोलीचा असतो.

ध्वनी हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. त्यामुळे ८० हर्ट्झच्या स्वराची एक लाट सव्वाचार मीटर लांब, तर २० हर्ट्झची तब्बल सतरा मीटर. आपला हॉल समजा १६ बाय ११ फुटांचा आहे. ज्या स्वराची अर्धी लाट दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये नेमकी मावते, तो स्वर खोली स्वतःच धरून ठेवते. या हॉलच्या लांबीत तो ३५ हर्ट्झच्या आसपास, रुंदीत ५१ च्या. बादली हिंदकळली की कडेचं पाणी वरखाली होतं आणि मधलं जागच्या जागी राहतं, तसंच इथं हवेच्या दाबाचं होतं. भिंतीपाशी तो स्वर फुगतो, खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. आपल्याकडे सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, म्हणजे ऐन फुगवट्यात. त्यात वूफर कोपऱ्यात, जिथून खोलीतले असे सगळे स्वर एकदम चेतवले जातात. जाड पडदे किंवा भिंतीला चिकटवलेला फोम यांचा इथं उपयोग नाही. एवढ्या लांब लाटेला दोन इंची फोम जाणवतही नाही.

सुदैवानं ८० हर्ट्झखालचा आवाज नेमका कुठून येतोय, हे कानाला फारसं कळत नाही. म्हणून वूफर टीव्हीजवळच हवा असं काही नाही. जागा शोधायची जुनी युक्ती जरा हास्यास्पद दिसते, पण ती खरोखर चालते. वूफर उचलून सोफ्यावर, आपण बसतो त्या जागी ठेवायचा. बेस गिटारचे सूर एकेक करून चढत-उतरत जाणारं एखादं गाणं पुन्हा पुन्हा लावायचं आणि आपण भिंतीच्या कडेकडेनं रांगायचं, कान जमिनीजवळ ठेवून. काही ठिकाणी एखादाच सूर अंगावर येतो, काही ठिकाणी गायब होतो. जिथं सगळे सूर सारख्या ताकदीनं ऐकू येतील, तिथं वूफर ठेवायचा. ध्वनीचा उगम आणि कान यांची अदलाबदल केली तरी खोलीचा परिणाम तोच राहतो, म्हणून हे जमतं. अनेकदा ही जागा कोपऱ्यात न सापडता भिंतीच्या मध्याकडे सापडते. तिथवर लांब वायर टाकावी लागते, घरातून नाराजीही येते. तरी महागडा वूफर कोपऱ्यात कोंबण्यापेक्षा साधा वूफर योग्य जागी ठेवावा, असं मी म्हणेन. सोफा तीनेक फूट पुढं घेता आला तर आणखी उत्तम, पण फ्लॅटमध्ये ते कुणाला जमणार?

जागा ठरली की बटणं. रिसीव्हरच्या मेनूत स्पीकर 'स्मॉल' करा, मोठे दिसत असले तरी. 'स्मॉल'चा अर्थ इतकाच की खालचे स्वर वूफरकडे वळवले जातील. कुठून वळवायचे तो आकडा म्हणजे क्रॉसओव्हर. ८० हर्ट्झपासून सुरुवात करावी, भिंतीवरचे स्पीकर अगदी चिमुकले असतील तर १०० किंवा १२०. मग वूफरच्या पाठीवरची क्रॉसओव्हरची चकती पूर्ण वर न्यायची, नाहीतर एकाच कामावर दोन गाळण्या लागतात. तिथलाच फेजचा खटका मात्र बहुतेकांनी कधी हलवलेला नसतो. स्पीकर आणि वूफर यांच्या लाटा उलटसुलट पडल्या की ८० हर्ट्झच्या आसपास एकमेकींना खाऊन टाकतात. एकानं सोफ्यावर बसावं, दुसऱ्यानं खटका ० वरून १८० वर न्यावा. ज्या बाजूला बेस भरीव वाटेल ती बाजू खरी.

माइक लावून आपोआप जुळवणी करणारा रिसीव्हर असेल तर माइक स्टँडवर, कानाच्या उंचीला ठेवा. पंखा, एसी बंद, आणि कुकरची शिट्टी होऊन गेलेली. जुळवणीनंतर वूफरचं अंतर टेपनं मोजलेल्यापेक्षा जास्त दिसलं तर ते 'सुधारू' नका. वूफरच्या आतल्या सर्किटमुळे आवाजाला लागणारा उशीर त्या आकड्यात धरलेला असतो.

राहता राहिली पातळी. ५.१ मधला तो '.१' म्हणजे फक्त दणक्यांसाठी राखलेला मार्ग, आणि त्याला इतर मार्गांपेक्षा १० डेसिबलची जास्त मोकळीक दिलेली असते. दणका ध्वनिपट्टीतच भरलेला असतो. आपण वरून आणखी ओतायची गरज नाही. जुळवणीनंतर वूफर अगदी मिळमिळीत वाटेल, कारण कान घुमाऱ्याला सरावलेला असतो. थोडे दिवस हात लावू नका. मग हवं तर २-३ डेसिबल वाढवा. बातम्या वाचणाऱ्याचा आवाज छातीतून आल्यासारखा वाटू लागला, तर पातळी जास्त झाली.

आणि खालच्या मजल्यावरचे काका. वूफरखाली रबरी पॅड ठेवल्यानं फरशीत जाणारी थरथर कमी होते, पण हवेतून जाणारा खर्ज स्लॅब ओलांडतोच. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सहा या वेळेची मर्यादा ४५ डेसिबल आहे. बहुतेक रिसीव्हरवर 'नाइट मोड' असतो. त्यात दणके दबतात आणि संवाद मात्र ऐकू येतात. दहानंतर तो चालू करावा, नाहीतर वूफर सरळ बंद.