यंत्राची परीक्षा आणि आधीच कळलेला पेपर

परीक्षेच्या आदल्या दिवशी पेपर मुलांच्या हाती पडला, तर दुसऱ्या दिवशीच्या गुणांना किंमत ती काय? आम्ही शिक्षक मंडळी याचे उत्तर एका शब्दात देऊ. हाच प्रश्न अमेरिकेत अणुसामग्री शोधणाऱ्या यंत्रांबाबत उभा राहिला होता.

२००१ च्या हल्ल्यांनंतर तिथे एक धास्ती होती. मालाच्या कंटेनरमधून कुणी अणुबॉम्बचे सामान आणले तर? म्हणून बंदरांवर आणि सीमेवर कमानीसारखी यंत्रे बसवली. ट्रकमध्ये किरणोत्सर्गी वस्तू असली की इशारा मिळे. पण केळी, सिरॅमिकच्या फरशा, मांजरांसाठी वापरायची माती यांतही थोडा नैसर्गिक किरणोत्सर्ग असतो. यंत्र 'काहीतरी आहे' एवढेच सांगे. ते काय, हे सांगत नसे. मग ट्रक बाजूला घेऊन पुन्हा तपासणी!

२००५ मध्ये सरकारने या संशोधनासाठी स्वतंत्र कार्यालय काढले. पदार्थही ओळखतील अशी नवी यंत्रे घेण्यासाठी २००६ मध्ये तीन कंपन्या निवडल्या. योजना सुमारे १२० कोटी डॉलरची.

तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षकांनी मात्र कागद उघडले. ९५ टक्के वेळा अचूक ओळख होईल, असे गृहीत धरून फायद्याचा हिशेब मांडला होता. प्रत्यक्षात आधीच्या चाचण्यांत समृद्ध युरेनियम ओळखण्याचे प्रमाण ७० ते ८८ टक्केच होते. २००७ मध्ये नेवाडात पुन्हा चाचण्या झाल्या. तेव्हा लेखापरीक्षकांना आढळले, की मुख्य चाचणीतले बहुतेक पदार्थ कंपन्यांना आधीच तपासू दिले होते आणि त्यानुसार यंत्रे जुळवूनही घेऊ दिली होती. कार्यालयाने हा आक्षेप मान्य केला नाही. पण पुढच्या, अधिक कडक चाचण्यांत खरे चित्र दिसले. पदार्थाभोवती आवरण हलके असेल तर नवे यंत्र सरस ठरे. आवरण जाड झाले की जुन्या-नव्यातला फरक फारसा उरत नसे.

यंत्र खरोखर बरेच सरस आहे असे मंत्र्यांनी प्रमाणित केल्याशिवाय मोठी खरेदी नाही, अशी अट संसदेने घातली होती. ते प्रमाणपत्र कधी मिळालेच नाही. २०११ मध्ये योजना गुंडाळली गेली.

कुणाची नियत वाईट होती, असे आम्ही म्हणत नाही. आपला विद्यार्थी पास व्हावा असे प्रत्येक शिक्षकाला वाटते. म्हणूनच बोर्डाचा पेपर दुसरा कुणी काढतो आणि तिसरा कुणी तपासतो. जनतेचा पैसा आणि जनतेचा जीव, दोन्ही सरकारकडे अमानत असतात. नापास यंत्र पास ठरले, तर त्याची किंमत बेसावध झोपलेले शहर मोजते.

यापुढे 'चाचणी यशस्वी' अशी बातमी वाचाल, तेव्हा घरातल्या मुलांना एवढेच विचारा : पेपर कुणी काढला होता, आणि तो आधी कुणी पाहिला होता?