प्रभूच्या प्रार्थनेतील 'ऋण'

आज नाताळ. ठिकठिकाणच्या मंदिरांतून घंटा निनादतील, गव्हाणीतल्या बाळाचे स्तवन होईल आणि उपासनेच्या ओघात प्रभूची प्रार्थनाही म्हटली जाईल. बालपणापासून मुखोद्गत असलेल्या या प्रार्थनेतील एका शब्दापाशी आज आपण क्षणभर थांबू. तो शब्द म्हणजे 'ऋण'.

लूकच्या शुभवर्तमानात येशूजन्माची पार्श्वभूमी आहे ती रोमन सम्राट औगुस्ताने फर्माविलेल्या नावनिशीची. नावनिशी ही करवसुलीची पूर्वतयारी. येशू वाढला तो गालील प्रांत रोमचा मांडलिक हेरोद अंतिपा याच्या सत्तेखाली होता. पीक बुडाले तरी कर चुकत नसे; कर्जापायी जमीन हातची जाई. अशा लोकांना येशूने कैसराच्या राज्यात राहून देवाचे राज्य मागावयास शिकविले, आजच्यापुरती भाकर मागावयास शिकविले आणि ऋणमुक्तीही. परंतु ती स्वतःच्या ऋणकोला मोकळे करून. मत्तयाच्या पाठातील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'देणे', 'कर्ज' असाच आहे. पुढे इ. स. ६६ मध्ये यरुशलेमात बंड उसळले, तेव्हा बंडखोरांनी दफ्तरखाना पेटवून सावकारांचे रोखे नष्ट केले, असे इतिहासकार योसेफस सांगतो.

हे वाचताना मराठी मनाला सुप्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे हिसकावून जाळले आणि ते लोण अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. इंग्रज सरकारचा रोखीचा सारा आणि सावकाराचे व्याज यांच्या कात्रीत कुणबी सापडला होता. दोनच वर्षांनी, १८७७ मध्ये, व्हिक्टोरिया राणी 'कैसर-ए-हिंद' झाली. कैसर हे नावही पुन्हा अवतरले!

त्याच नगरात १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचे कार्य चालू होते. राज्यकर्त्यांच्या अँग्लिकन प्रार्थनाग्रंथात या जागी 'अपराध' अशा अर्थाचा शब्द आहे. मराठी बायबलात मात्र 'ऋण' आहे. ही प्रार्थना राज्यकर्त्यांच्या धर्माबरोबर आली म्हणून ती राज्यकर्त्यांची ठरत नाही. ती प्रथम उच्चारली गेली ती पारतंत्र्यातील कर्जबाजारी माणसांमध्ये.

रोखे जाळण्याची वेळ येण्यापूर्वीच ते सोडून देणारा हात ही प्रार्थना मागते. आज ती म्हणताना, आपल्या वहीत कोणाचे नाव मांडून ठेवले आहे, हे आपण पाहू या. ते खोडले, तरच ती प्रार्थना आपली.